नाणे पारखण्याची विद्या पुन्हा घराघरांत यावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एकाच माणसाच्या बाबतीत एकाच दिवशी घडलेल्या दोन गोष्टींमुळे मी हे पत्र लिहीत आहे. आमच्या गल्लीतील किराणा दुकानदार माझे जुने परिचित असून अत्यंत सचोटीचे गृहस्थ आहेत. गेल्या महिन्यात एका सकाळी मी त्यांना चहापावडरीच्या पुड्याचे पैसे देताना दहा रुपयांची चार नाणी दिली, तेव्हा त्यांनी त्यांतील दोन बाजूला काढली आणि "काका, यांच्यावर रुपयाचे चिन्ह नाही, ही डुप्लिकेट आहेत, पुढे कोणी घेत नाही," असे म्हणून मला परत केली. त्याच संध्याकाळी ते आपण होऊन माझ्या घरी आले, खिशातून मखमलीची लहानशी डबी काढली आणि गडावरून परतताना पायथ्याशी एका माणसाकडून साडेसात हजार रुपयांना घेतलेला "शिवकालीन सोन्याचा होन" त्यांनी मोठ्या भक्तिभावाने माझ्या तळहातावर ठेवला. सकाळी परत आलेली दोन्ही नाणी सरकारी टांकसाळीत पाडलेली, सोळा आणे खरी होती. संध्याकाळचा होन पितळेचा होता.

मी एका बँकेत चौतीस वर्षे रोखपाल म्हणून काम केले आहे, आणि आजोबांनी मागे ठेवलेल्या रुपयांच्या डबीमुळे जुन्या नाण्यांचा अभ्यास हा माझा आयुष्यभराचा छंद झाला आहे. या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून मला कळकळीने सांगावेसे वाटते की, नाण्यावर काय कोरले आहे ते आपण सगळेच पाहतो. मात्र ते घडवले कसे आहे हे पाहायला आपण विसरलो आहोत, आणि खरेखोटे उघड होते ते तिथेच. नकली नाणे बनवणारा अक्षरे, राजाचा मुखवटा, सालाचे आकडे हे सगळे उतरवू शकतो. मूळ टांकसाळीची धातू, तिचे वजन, तिचा दाब आणि तिची कडा या चारही गोष्टी एकाच वेळी उतरवणे त्याला फार महागात पडते, आणि तसे केले तर त्याच्या धंद्यात नफाच उरत नाही.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. गावगाड्यात पोतदार असे आणि वसुलाचा पैसा सरकारात भरण्यापूर्वी नाणे पारखून देणे हे त्याचे काम असे. बहुतेक गावांत ते सोनाराकडेच असे. पेशवाईच्या काळात एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी असे अनेक टांकसाळींचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलताना होणारी कपात, वेगळा असे, त्यामुळे पारख ही व्यवहाराची रोजची गरज होती. त्या काळच्या रुपयांवर ठिकठिकाणी बारीक टोचे किंवा लहान शिक्के मारलेले दिसतात. नवख्या माणसाला ते नाणे खराब झालेले वाटते, पण वरचा मुलामा भेदून आतली चांदी पाहण्यासाठी सराफांनी मारलेल्या त्या खुणा आहेत. कोणीतरी जबाबदारीने तपासल्याची ती साक्षच आहे, आणि असे नाणे हाती आले की मला त्या अनोळखी सराफाबद्दल आदर वाटतो.

प्रथम दहाच्या नाण्याविषयी लिहितो. हे दोन धातूंचे नाणे २००९ च्या सुमारास लोकांच्या हातात येऊ लागले. रुपयाचे आजचे चिन्ह केंद्र सरकारने स्वीकारले ते जुलै २०१० मध्ये आणि नाण्यांवर ते दिसू लागले २०११ पासून. म्हणजे २००९ सालच्या नाण्यावर ते चिन्ह नसणे हेच योग्य आहे. किंबहुना त्या सालच्या नाण्यावर ते दिसले तर शंका घ्यावी. "दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे" ही दुसरी अफवाही अशीच निराधार आहे. पंधरा किरणांची नक्षी आधीच्या नाण्यावर होती, दहा किरणांची २०११ च्या नव्या नक्षीत आली, आणि दोन्ही नाणी सरकारनेच पाडली आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की तोपर्यंत दहाच्या नाण्याच्या चौदा वेगवेगळ्या नक्ष्या चलनात आणलेल्या असून त्या सर्व वैध आहेत. या खुलाशाला इतकी वर्षे उलटूनही बाजारात, रिक्षात आणि भाजीमंडईत तीच नाणी परत केली जातात, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्याचा भुर्दंड शेवटी दिवसभर चिल्लर गोळा करणाऱ्या गरीब माणसाला बसतो.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. दिल्लीच्या बवाना भागात २०१६ मध्ये पोलिसांनी बनावट नाण्यांचा कारखाना पकडला होता, आणि दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पण फुंकून पिणे म्हणजे तपासून घेणे. त्याऐवजी आपण सरसकट नाकारण्याचा मार्ग धरला आहे. दहाचे नाणे तपासणे तर फारच सोपे आहे. २०१९ च्या नव्या मालिकेआधीच्या नाण्यांत मधला पांढरा भाग लोह आणि क्रोमियमच्या पोलादाचा आहे, बाहेरचे पिवळे कडे तांबे, ॲल्युमिनियम आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे आहे. या नाण्यांजवळ साधा लोहचुंबक नेला की मधला भाग त्याला चिकटतो; कडे चिकटत नाही. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आणि वजन सुमारे ७.७ ग्रॅम असते. वहीचे पान उलटावे तसे नाणे डावीकडून उजवीकडे उलटले की मागची बाजूही सरळच दिसते, डोक्यावर उभी राहत नाही. सालाखाली चौकट आकाराचा हिरा असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. काही दुकानदार "याच्यावर खूण नाही" म्हणून कोलकात्याची नाणी नाकारतात, हेही मी पाहिले आहे.

आम्ही बँकेत एवढे सगळे करत बसत नसू. दहा-दहा नाण्यांची थप्पी लावली की बोट फिरवतानाच समजत असे. एक थप्पी शेजारच्या थप्पीपेक्षा केसभर उंच किंवा बुटकी दिसली, की त्यात काहीतरी परके आहे असे ओळखावे, कारण टांकसाळीच्या नाण्यांची जाडी एकसारखी असते आणि बनावट नाण्यांना ती राखता येत नाही. पाच रुपयांच्या जाड ठोकळ्यांतली खोटी नाणी मी बहुतेक वेळा अशीच पकडली. त्यांची अक्षरे उथळ असत, कडेच्या वर्तुळाची उंची एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असे, आणि मधला अशोकस्तंभ झिजल्यासारखा दिसे, जरी नाणे नवे करकरीत असले तरी. नवे नाणे आणि झिजलेले चित्र हा मेळ बसत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता चांदीच्या रुपयाकडे वळतो, कारण दिवाळीच्या आधी लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप रुपया घेण्याची आपल्याकडे रीत आहे आणि सर्वांत जास्त फसवणूक त्या पंधरा दिवसांत होते. आमच्या आजोबांच्या डबीत अकरा रुपये खरे होते आणि बारावा खोटा. त्या बाराव्या रुपयाला त्यांनी काळा दोरा गुंडाळून ठेवला होता. दर दिवाळीला पूजेनंतर ते आम्हा मुलांना ओटीवर बसवत, एक खरा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने त्याच्या कडेला हलकेच टिचकी देत, आणि तो स्वर विरेपर्यंत आम्हाला गप्प राहायला सांगत. मग काळ्या दोऱ्याचा रुपया तसाच वाजवत. तो बद्द वाजे. पहिल्याचा नाद कानात घुमत राही, दुसऱ्याचा तिथेच संपे. "खणखणीत" हा शब्द आपण माणसाच्या बोलण्यालाही वापरतो, पण तो मुळात कुठून आला हे मला त्या ओटीवर कळले.

नादाची कसोटी पहिली असली तरी शेवटची नाही, कारण खऱ्या रुपयाला बारीक चीर गेलेली असेल किंवा कधी दागिन्यासाठी कडी डाखून काढलेली असेल, तर तोही बद्द वाजू शकतो. म्हणून वजनाकडे जावे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा रुपया सुरू केला तेव्हापासून त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरलेले होते. आपला जुना तोळा तो हाच. त्यात शंभरात सुमारे ९१.७ भाग चांदी असे आणि उरलेले तांबे. शंभर वर्षे हातोहाती फिरलेला रुपया झिजून थोडा हलका झालेला असू शकतो, पण साडेदहा ग्रॅमचा आणि तरीही राणीच्या केसांची एकेक बट स्पष्ट दिसणारा रुपया असू शकत नाही. झीज झाली असेल तर ती आधी उंच भागावर, म्हणजे गालावर आणि केसांवर दिसायला हवी.

वजन बरोबर असले तरी धातू दुसरी असू शकते; नावात चांदी असूनही चांदीचा अंश नसलेल्या जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूची चकती थोडी जाड करून तेवढेच वजन साधता येते. त्यासाठी एक प्रयोग मी सर्वांना सुचवतो, जो स्वयंपाकघरात पाच मिनिटांत होतो आणि ज्याने नाण्याला ओरखडासुद्धा येत नाही. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा, सोनार वापरतात तसा खिशातला काटा घ्यावा. त्यावर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. मग रुपया बारीक दोऱ्याला बांधून वाटीतल्या पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने धरून ठेवावा. तो तळाला किंवा वाटीच्या कडेला टेकू देऊ नये. काटा आता जे दाखवतो ते रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. रुपयाच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयासाठी काटा सुमारे १.१३ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा रुपया १.३४ च्या आसपास दाखवतो आणि भागाकार ८.७ वर थांबतो. आजोबांचा काळ्या दोऱ्याचा रुपया मी पुढे नोकरीला लागल्यावर असा तपासला, तेव्हा त्यांच्या कानाने कधीच दिलेला निकाल काट्यानेही दिला. शाळेत विज्ञानाच्या तासाला आर्किमिडीजचे तत्त्व शिकवतात. तेव्हा मुलांच्या हातात एकदा हा रुपया द्यावा, असे मला नेहमी वाटते.

साल आणि राजा यांचा मेळ तर कागद-पेन्सिल न घेताही पाहता येतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत "क्वीन" आणि १८७७ पासून "एम्प्रेस" असे लिहिलेले असते. तिचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले आणि सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ पासून निघाले. मला एका विक्रेत्याने व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि १९०५ साल असलेला रुपया "दुर्मीळ" म्हणून दाखवला होता. तो दुर्मीळ नव्हता, अशक्य होता. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथाही इथे सांगण्यासारखी आहे. त्यावर राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुकरासारखा दिसला, गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी नक्षी सुधारावी लागली. या कथेमुळे त्या सालाच्या रुपयाला संग्राहक जास्त किंमत देतात आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात. सर्वांत जपून घ्यावा तो सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया. तो खरोखरच फार दुर्मीळ आहे, आणि दुसऱ्या सालच्या अस्सल रुपयाचा शेवटचा आकडा बदलून तो "तयार" केला जातो. अशा रुपयाचा नाद, वजन आणि चांदी सगळे बरोबरच येते, कारण नाणे खरेच असते. खोटा असतो तो एक आकडा. तिथे भिंगच उपयोगी पडते. आकड्याभोवतीची जमीन इतर जागेपेक्षा खरवडलेली, किंचित खोलगट किंवा वेगळ्या चमकेची दिसली की व्यवहार तिथेच थांबवावा.

कडाही विसरू नये. रुपयाच्या कडेला असलेल्या उभ्या खाचा या शोभेसाठी नाहीत. कोणी कड कातरून चांदी चोरली तर लगेच कळावे म्हणून त्या असतात. युद्धकाळात, १९४० पासून, सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि त्याच वेळी कडेला मधोमध एक खाचेदार पट्टी घालून ती नक्कल करायला अवघड केली. नकली रुपया ओतून बनवलेला असेल तर त्याच्या कडेवर साच्याच्या दोन भागांचा सांधा असतो. कानशीने तो घासून टाकलेला असला तरी घासल्याच्या आडव्या रेषा भिंगाखाली लपत नाहीत.

शिवराई आणि होन यांच्या बाबतीत मात्र नियम बदलतो, आणि इथेच आपल्या लोकांची सर्वाधिक गफलत होते. यंत्राच्या रुपयाला वजनाची आणि गोलाईची जी शिस्त आहे ती शिवराईला नाही. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि घण घालायचा, अशी ती पाडली जाई. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे "श्री राजा शिव" आणि "छत्रपती" ही पूर्ण अक्षरे प्रत्येक नाण्यावर मावत नसत. कुठे "श्री" अर्धा सुटे, कुठे टिंबांच्या वर्तुळाचा एकच तुकडा उमटे. घणाच्या घावाने कडा फाकत, क्वचित चिरतही. म्हणून शिवराई वाकडीतिकडी आहे, अक्षरे कापली गेली आहेत, यात काहीच वावगे नाही. पूर्ण ठसा असलेल्या अस्सल शिवरायाही असतात. वावगे आहे ते दोन शिवराया हुबेहूब सारख्या असणे. तोच ओरखडा, तीच तुटलेली "छ", तोच कडेचा चिरा दोन नाण्यांवर आढळला, तर ती दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत, कारण हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांच्या कडा कधी एकाच जागी फाटत नाहीत. विक्रेत्याकडे पाच-दहा नाणी असतील तर ती सगळी शेजारीशेजारी मांडायला सांगावीत. एकट्या नाण्यात जे दिसत नाही ते रांगेत दिसते. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षराची भिंत जमिनीतून सरळ वर उठते.

तांब्यावरील हिरवटपणाला तर बिलकूल भुलू नये. रंग लावून किंवा रसायनात बुडवून तो आठवड्यात आणता येतो. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला की रंगाचा हिरवेपणा बोळ्यावर येतो; जमिनीत वर्षानुवर्षे धरलेला थर असा सुटत नाही. याच्या उलट चूक म्हणजे अस्सल शिवराई चिंच-मिठाने घासून लखलखीत करणे. अनेक घरांत देव्हाऱ्यातल्या शिवरायांचे असे झाले आहे. त्या खऱ्याच राहतात, पण त्यांचे खरेपण दाखवणारा थर कायमचा जातो, म्हणून हात जोडून सांगतो की जुने नाणे घासू नका.

आणखी एक गोष्ट भावनेला न दुखावता सांगायला हवी. शिवराई म्हणजे थेट महाराजांच्या हयातीतले नाणे असे समजले जाते. पण महाराजांच्या नावाचे हे नाणे पुढील छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडले जात राहिले, आणि एकोणिसाव्या शतकातही ते लोकांच्या कनवटीला होते. दुदांडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिवराया नंतरच्याच आहेत. म्हणजे अस्सल शिवराईसुद्धा "शिवकालीन" म्हणून विकली, तर नाणे खरे आणि सांगणे खोटे असा प्रकार होतो. माझ्या दृष्टीने नंतरच्या शिवराईचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ज्या राजाच्या नावाचा पैसा त्याच्यामागे दीडशे वर्षे लोकांनी चालवला, त्या नावाची ती थोरवीच आहे.

होनाचे गणित याहून सोपे आहे. महाराजांचा सोन्याचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, शर्टाच्या बटणाएवढा असतो, आणि आज माहीत असलेले अस्सल नमुने इतके थोडे आहेत की अभ्यासकांना त्यांची एकेक करून माहिती आहे. असा होन गडाच्या पायथ्याशी चादरीवर मिळत नाही. दुकानदार मित्रांनी साडेसात हजार मोजले, पण त्या वजनाच्या नुसत्या सोन्याची किंमतच आज त्याहून कितीतरी जास्त होते, एवढा हिशेब त्या क्षणी त्यांच्या मनात आला असता तरी पुरे होते. मी तो होन त्यांच्यासमोरच काट्यावर ठेवला: २.२४ ग्रॅम. पाण्यात बुडवला तेव्हा काट्याने ०.२७ दाखवले. भागाकार ८.३ आला. सोन्याचा तो सतराच्या वर यायला हवा होता. भिंगातून "छत्रपती"तल्या "त्र"च्या शेजारी तीन बारीक खड्डे आणि कडेला कानशीच्या रेषा दिसल्या, आणि एका ठिकाणी मुलाम्याखालचे पितळ डोकावत होते. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचे जाऊ द्या काका, पण मी याची पूजा केली होती." त्यांच्या त्या वाक्याने मला हे पत्र लिहायला लावले. लोकांच्या श्रद्धेवर पितळ विकणारा माणूस साध्या भुरट्या चोराहून मोठा गुन्हेगार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"शेतात नांगरताना हंडा सापडला, गुपचूप विकतो आहोत" ही कथा असे विक्रेते हमखास सांगतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे कथा खोटी असेल तर घेणारा फसला, आणि खरी असेल तर तो एका गुन्ह्यात भागीदार झाला. दोन्ही बाजूंनी नुकसान त्याचेच. खरे हंडे जेव्हा रीतसर उजेडात येतात तेव्हा त्यांतून इतिहास कळतो. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर क्षत्रप नहपानाच्या ठशावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आढळला. एकाच नाण्यावर दोन राजे, एकावर एक चढलेली चिन्हे. अजाण माणूस त्याला बनावट म्हणून फेकून देईल, पण सातवाहनांच्या विजयाचा त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने १८१८ साल टाकून, एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला "अर्धा आणा" असे लिहून जी जाड तांब्या-पितळेची नाणी विकली जातात, त्यांच्याविषयी एवढेच लिहितो की असे नाणे कंपनीने कधीही पाडले नाही. देवळांतून मिळणाऱ्या रामटंका हा वेगळा आणि प्रामाणिक प्रकार आहे. त्या भक्तीच्या मुद्रा आहेत, चलन म्हणून त्या कोणी दिल्या नाहीत. पण "तांदूळ ओढणारे नाणे" म्हणून याच बनावट नाण्यांवर लाखो रुपयांचे सौदे होतात आणि घरेदारे गहाण पडतात. तसेच जुनी नाणी लाखांत विकत घेतो असे सांगून आधी कर किंवा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आपले नाव वापरून होणाऱ्या अशा व्यवहारांशी आपला कोणताही संबंध नसल्याचे तिने त्या वेळी स्पष्ट केले होते.

खोटे नाणे आपल्याकडे आले तर काय करावे, असे मला अनेकजण विचारतात. ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा मार्ग नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या १७८ ते १८० या कलमांत खोटे नाणे बनवणे, ते खोटे आहे हे ठाऊक असून खरे म्हणून चालवणे आणि त्या हेतूने जवळ बाळगणे, हे तिन्ही गुन्हे सांगितले आहेत. चलनातले नाणे संशयास्पद वाटले तर ते बँकेत किंवा पोलीस ठाण्यात द्यावे. आणि खरे नाणे कोणी नाकारले तर त्याला शांतपणे सांगावे की, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्याहून मोठी नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन आहेत.

आपणास माझी विनंती अशी आहे की, दिवाळीपूर्वी आपल्या दैनिकाने खऱ्या आणि खोट्या नाण्यांची मोठ्या आकारातील छायाचित्रे शेजारीशेजारी छापावीत, आणि त्यांत कडेचे छायाचित्र आवर्जून असावे, कारण ते कोणीच छापत नाही. राज्यातील वस्तुसंग्रहालयांनीही नाण्यांच्या दालनात अस्सल नाण्याजवळ त्याची एक जप्त केलेली नक्कल, भिंग आणि काटा ठेवावा. काचेआडची खरी नाणी पाहून डोळा तयार होत नाही. खोटे शेजारी आले की होतो. आमच्या आजोबांनी तो बारावा रुपया फेकून न देता काळ्या दोऱ्यात जपून ठेवला, त्याचे कारण हेच होते.

तो रुपया अजून माझ्याकडे आहे. दुकानदार मित्रांनीही आपला होन छायाचित्रासाठी देण्याची तयारी दाखवली आहे. फक्त त्यांचे नाव छापू नये एवढीच त्यांची अट आहे. आपण कळवल्यास दोन्ही नाणी, त्यांच्या जोडीला दोन खरे रुपये, काटा आणि भिंग घेऊन मी आपल्या कार्यालयात येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल, सातारा